तेलदाबाचा काटा खाली येतो तेव्हा : जुन्या ट्रॅक्टर इंजिनाचे क्रमवार निदान

जून महिन्याच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस छत्तीसगडच्या मैदानी भागात स्थिरावला, की दुर्ग-भिलाई परिसरातील धानाच्या बांध्यांत चिखलणीची लगबग सुरू होते. छत्तीसगडीत या कामाला ‘मताई’ म्हणतात. सीमेच्या अलीकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत तेच काम चिखलणी म्हणून ओळखले जाते. नाव कोणतेही असो, ट्रॅक्टरच्या वाट्याला वर्षातील सर्वांत कष्टाचे काम याच काही आठवड्यांत येते. लोखंडी केज व्हील लावलेली चाके चिखलात रुततात, ‘कन्हार’ म्हणून ओळखली जाणारी काळी जड माती रोटाव्हेटरला चिकटते, इंजिन पूर्ण भाराच्या जवळ चालते आणि ट्रॅक्टरचा वेग मात्र बैलाच्या चालीएवढाच असतो.

अशा ऐन घाईत एखाद्या दुपारी जुन्या ट्रॅक्टरच्या तेलदाबाचा काटा नेहमीच्या जागेवरून खाली सरकतो, किंवा लाल दिवा लुकलुकू लागतो. शेतकऱ्यापुढे त्या क्षणी दोन मोह उभे राहतात. पहिला, ‘मीटरच जुने झाले आहे’ असे म्हणून काम पुढे रेटण्याचा. दुसरा, कोणी सांगितले म्हणून थेट इंजिन उघडण्याचा. पहिल्या मोहापायी बेअरिंगे जळतात आणि क्रँक निकामी होते. दुसऱ्या मोहापायी, ज्या ट्रॅक्टरला एका फिल्टरची किंवा एका स्प्रिंगची गरज होती, तो रोवणीचे दिवस गॅरेजमध्ये काढतो. रोवणी लांबण्याची किंमत भाड्याच्या ट्रॅक्टरपुरती मर्यादित राहत नाही. पऱ्हे वाफ्यातच जून होतात, फुटवे कमी येतात आणि उशिरा रोवलेल्या धानावर गादमाशीचा प्रादुर्भाव अधिक होतो, हा छत्तीसगड व पूर्व विदर्भ या दोन्ही धानपट्ट्यांचा अनुभव आहे. इंजिनाच्या चुकीच्या निदानाची झळ अशा रीतीने पिकापर्यंत पोहोचते.

धानाचे पान पिवळे पडले, तर त्यामागे नत्राची कमतरता, जस्ताची कमतरता, तुडतुडे, टुंग्रो रोग किंवा साचून राहिलेले पाणी यांपैकी काहीही असू शकते. केवळ पान पाहून औषध सांगणारा सल्लागार बहुधा चुकतो. तेलदाबाचेही तसेच आहे. कमी दाब हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागे काही मिनिटांत दूर होणारे कारण असू शकते किंवा संपूर्ण इंजिन बांधणीचेही असू शकते. म्हणून निदानाचा क्रम महत्त्वाचा : बाहेरून आत जावे, स्वस्त तपासणीकडून महाग तपासणीकडे जावे आणि मोजल्याशिवाय काहीही उघडू नये.

तेलदाब म्हणजे नेमके काय

इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील तेल एका जाळीतून गिअर पंप ओढून घेतो. ते फिल्टरमधून मुख्य तेलवाहिनीत जाते आणि तेथून मेन बेअरिंगे, कनेक्टिंग रॉडची बिग एंड बेअरिंगे, कॅमशाफ्टची बुशे आणि हेडवरील रॉकर शाफ्ट यांना पोहोचते. पंपानंतर एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की स्प्रिंगवरचा हा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल पुन्हा चेंबरमध्ये सोडतो.

पंप दाब देतो, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात पंप प्रवाह देतो. दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. ठिबक संच वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. एखादी उपनळी फुटली, की मोटार उत्तम चालत असूनही दाबमापकाचा काटा खाली येतो. इंजिनात ‘फुटलेली नळी’ म्हणजे झिजलेले बेअरिंग. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातील फट साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढी असते. या फटीतून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली, तर त्याच दाबाला निसटणारे तेल आठपट होते. थोडीशी वाटणारी झीज काट्यावर एवढी का दिसते, याचे उत्तर या गणितात आहे.

दुसरा घटक तेलाच्या दाटपणाचा. ४० अंश सेल्सिअसला असलेला तेलाचा दाटपणा १०० अंशांला जवळपास दशांशावर येतो. सकाळी थंड इंजिनावर भक्कम दिसणारा दाब दुपारी मंद फेऱ्यांवर खाली येतो, तो यामुळे. काही प्रमाणात ही घट स्वाभाविक आहे. ती किती असावी, हा खरा प्रश्न आहे.

दाबाविषयीचा आणखी एक गैरसमज १८८३ मध्येच दूर झाला होता. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या माथ्यावर त्यांनी पाडलेल्या छिद्रातून तेल बाहेर येऊ लागले. छिद्राला लाकडी खुंटी ठोकली, तर तीही तेलाने वर ढकलली. दाबमापक लावल्यावर आढळले, की फिरणारा आस स्वतःच तेलाला फटीत ओढून तेथे मोठा दाब निर्माण करतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याची गणिती मांडणी केली. तात्पर्य असे, की इंजिनातील क्रँक पंपाच्या दाबावर तरंगत नाही. ती स्वतःच्या फिरण्याने तयार झालेल्या तेलाच्या थरावर तरंगते. पंपाचे काम त्या थराला अखंड तेल पुरवण्याचे आहे. तेल पुरेसे पोहोचले नाही, तर धातूला धातू घासतो आणि मग बेअरिंग जळण्यास फार वेळ लागत नाही.

प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा

धानपट्ट्यात आजही वापरात असलेले जुने ट्रॅक्टर एका घराण्याचे नाहीत. फरीदाबाद येथे १९५९ पासून तयार झालेल्या आयशरच्या जुन्या ट्रॅक्टरांची इंजिने हवेने थंड होणारी होती. पिंजोर येथे एचएमटीने १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने झेटर घडणीचे ट्रॅक्टर काढले. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत आकाराला आलेला स्वराज १९७४ मध्ये बाजारात आला. या घराण्यांत तेलवाहिनीची रचना, रिलीफ व्हॉल्व्हची जागा आणि दाबाची मर्यादा वेगवेगळी आहे. म्हणून ‘अमक्याच्या ट्रॅक्टरला एवढा दाब असतो’ ही तुलना निरुपयोगी ठरते.

अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गरम इंजिनाचा दाब नेमून दिलेल्या पूर्ण फेऱ्यांवर साधारण ३ ते ४ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर आणि मंद फेऱ्यांवर १ च्या आसपास आढळतो. तरीही हा केवळ अंदाज आहे. अंतिम आकडा त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतील मानावा. पुस्तिका मिळत नसेल, तर ट्रॅक्टर निरोगी असताना नोंदवलेला त्याचाच दाब हा सर्वांत विश्वासार्ह संदर्भ असतो.

ज्या ट्रॅक्टरांवर काटा नाही, केवळ लाल दिवा आहे, तेथे अधिक सावध राहावे. हा दिवा सर्वसाधारणपणे दाब अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास उतरल्यावरच लागतो. काम करणाऱ्या इंजिनासाठी तो पूर्वसूचना नसून शेवटची घंटा आहे. अशा ट्रॅक्टरवर यांत्रिक दाबमापक बसवून घेणे हा कमी खर्चाचा आणि मोठ्या उपयोगाचा बदल आहे.

पहिली पायरी : इंजिन बंद करून तेल पाहणे

काटा एकाएकी शून्यावर आला किंवा दिवा लागून राहिला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. ‘बांधावर नेऊन थांबवू’ किंवा ‘घरापर्यंत जाऊ’ हा विचार क्रँकच्या जिवावर बेततो. ट्रॅक्टर जागेवरच ठेवून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून आणावा.

त्यानंतर ट्रॅक्टर सपाट जागेवर असताना, दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल, तर बांध ओलांडताना किंवा उतारावर तेल एका बाजूला सरकते आणि जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. पातळी भरून काटा जागेवर आला, तरी तपास तेथेच संपवू नये. तेल कुठे गेले हे शोधावे. गळती, निळा धूर आणि ब्रीदरमधून येणारी वाफ या तीन गोष्टी त्यासाठी पाहाव्यात.

पातळी वाढलेली दिसली, तर ती कमी पातळीपेक्षाही गंभीर बाब समजावी. इंजिन तेल निर्माण करत नाही. बाहेरून काहीतरी त्यात मिसळते आहे. गळक्या नोझलमधून, फीड पंपाच्या फाटक्या पडद्यातून किंवा डिझेल पंपाच्या सीलमधून डिझेल उतरल्यास तेल पातळ होते व त्याला डिझेलचा वास येतो. लायनरच्या रबरी रिंगा किंवा हेड गॅस्केट निकामी झाल्यास पाणी मिसळते आणि तेल दुधाळ दिसते. काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंपाच्या सीलमधूनही तेल इंजिनात येते.

शेतावर करता येण्याजोग्या दोन चाचण्या येथे उपयोगी पडतात. काचेच्या तिरप्या तुकड्यावर त्याच ग्रेडच्या नव्या तेलाचा आणि इंजिनातील तेलाचा एकेक थेंब शेजारी शेजारी सोडावा. इंजिनातील थेंब बराच पुढे धावला, तर तेल पातळ झाले आहे. दुसरी चाचणी पाण्याची : तापलेल्या पत्र्यावर तेलाचा एक लहान थेंब टाकल्यावर तडतड आवाज आला, तर तेलात पाणी आहे. ही चाचणी करताना चेहरा दूर ठेवावा आणि जवळ डिझेल नसावे. तेलात डिझेल किंवा पाणी आढळल्यास आधी त्याचे मूळ दुरुस्त करावे. नंतरच तेल व फिल्टर बदलून दाब पुन्हा पाहावा.

दुसरी पायरी : काटा खरे बोलतो का, हे पाहणे

तेल योग्य असूनही दाब कमी दिसत असेल, तर काट्याचीच परीक्षा घ्यावी. जुन्या ट्रॅक्टरांत काट्याकडे जाणारी बारीक तांब्याची नळी चेपलेली किंवा गाळाने बुजलेली असते. विजेवर चालणाऱ्या मापकात सेंडर, वायर किंवा अर्थिंग सैल असते. त्यासाठी मिस्त्रीकडील खात्रीचा यांत्रिक दाबमापक तेलवाहिनीवरील सेंडरच्या जागी बसवावा. ही तपासणी टाळून उघडलेली इंजिने कमी नाहीत. आत काहीच सापडत नाही आणि जोडणीनंतर तोच जुना काटा पुन्हा तोच आकडा दाखवतो.

खात्रीचे मापक लावल्यावर चार नोंदी घ्याव्यात : थंड इंजिन मंद फेऱ्यांवर, थंड इंजिन वाढीव फेऱ्यांवर, अर्धा तास काम केल्यानंतर गरम इंजिन मंद फेऱ्यांवर आणि गरम इंजिन पूर्ण फेऱ्यांवर. या चार आकड्यांची मांडणीच बहुतेक वेळा कारणाकडे बोट दाखवते.

• थंड इंजिनावर दाब चांगला. गरम झाल्यावर मंद फेऱ्यांवर बराच कमी, पूर्ण फेऱ्यांवर समाधानकारक : बेअरिंगांची मध्यम झीज किंवा पातळ तेल.

• थंड व गरम दोन्ही वेळा कमी आणि फेऱ्या वाढवूनही एका ठरावीक आकड्यापुढे न जाणारा दाब : रिलीफ व्हॉल्व्ह अडकलेला किंवा त्याची स्प्रिंग बसलेली.

• काटा सतत थरथरणारा : पंप हवा ओढतो आहे. तेल कमी असणे, ओढनळीच्या जोडाचे पॅकिंग निकामी होणे, नळीला तडा जाणे किंवा तेल प्रमाणाबाहेर भरल्याने त्यात फेस होणे ही कारणे तपासावीत.

• काम सुरू करताना दाब चांगला, जोरात चालवल्यावर घसरणारा आणि इंजिन काही वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा सुधारणारा : चेंबरमधील गाळ जाळीवर ओढला जातो आहे.

• सर्व स्थितींत कमी आणि सोबत इंजिनाच्या तळातून ठोक्यांचा आवाज : बेअरिंगांची मोठी झीज. भाराखाली येणारा जड, खोल ठोका बहुधा मेन बेअरिंगचा असतो. थ्रॉटल सोडताना येणारा तुलनेने टणक ठोका बिग एंडचा.

• तेल बदलल्यानंतर लगेच कमी झालेला दाब : चुकीचा ग्रेड, चुकीचा फिल्टर किंवा फिल्टरचे नीट न बसलेले गॅस्केट.

तिसरी पायरी : फिल्टर आणि रिलीफ व्हॉल्व्ह

चेंबर न उघडता करता येणारी ही दोन कामे आहेत. फिल्टर बदलताना जुना फिल्टर फेकू नये. तो कापून त्याचा कागद उलगडावा व उजेडात पाहावा. काळा मऊ गाळ म्हणजे काजळी. तेलबदल लांबल्याची ती खूण. चकचकीत, मऊ, चंदेरी कण दिसले, तर बेअरिंगचा वरचा थर सुटतो आहे. तांबूस कण दिसले, तर झीज त्या थराच्या खालच्या धातूपर्यंत गेली आहे. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे. ते गिअर, पंप किंवा क्रँक यांच्याकडे निर्देश करतात. कीटकशास्त्रात सापळ्यातील पतंगांवरून शेतातील अळीचा अंदाज बांधला जातो; फिल्टर हा इंजिनातील असाच सापळा आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह काढून त्याचा प्लंजर किंवा गोळी बोटाने सहज सरकते का, बैठकीवर ओरखडा किंवा कचरा आहे का आणि स्प्रिंगची लांबी पुस्तिकेतील आकड्याएवढी आहे का, हे पाहावे. अनेकदा गॅस्केटचा किंवा चिकट गोंदाचा लहानसा तुकडा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. साफ करून बसवला, की दाब परत येतो. स्प्रिंगखाली वॉशर घालून काटा वर आणण्याची पद्धत मात्र टाळावी. व्हॉल्व्ह निरोगी असताना वॉशर घातल्याने केवळ वरची मर्यादा वाढते. गरम इंजिनाच्या मंद फेऱ्यांवर, म्हणजे जेथे झीज खरोखर दिसते तेथे, काहीच फरक पडत नाही.

चौथी पायरी : चेंबर उघडणे

वरील सर्व तपासणी झाल्यावरही दाब कमी असेल, तरच चेंबर उतरवावे. प्रथम तळातील गाळ व धातूचे कण पाहावेत, जाळी व ओढनळी साफ करून तडे तपासावेत. पंपाच्या गिअरांची झीज व त्यांच्या बाजूची फट फीलर गेजने मोजावी. नंतर एका वेळी एकच बिग एंड कॅप सोडून बेअरिंग पाहावे; कॅपवरील क्रमांक व दिशा बदलू देऊ नये. फट मोजण्यासाठी प्लास्टिगेजची बारीक मेणासारखी तार उपयोगी पडते. बेअरिंगमध्ये ती ठेवून कॅप ठरलेल्या ताणाने आवळावी, पुन्हा सोडावी आणि चपटी झालेली तार पाकिटावरील पट्टीशी ताडावी.

केवळ बेअरिंगे बदलून भागेल, की क्रँक घासून घ्यावी लागेल, हे मायक्रोमीटर ठरवतो. जर्नल मर्यादेपेक्षा अधिक लंबगोल किंवा निमुळते झाले असेल, तर नवी बेअरिंगे त्यावर टिकत नाहीत. अशा वेळी क्रँक ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा टप्प्यांनी घासून त्या मापाची बेअरिंगे बसवावी लागतात. यांनाच मिस्त्री ‘दहा साइझ’, ‘वीस साइझ’ म्हणतात. भिलाईत १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि पोलाद कारखान्याभोवती पुढे लहान-मोठे यंत्रउद्योग उभे राहिले. त्यामुळे लेथ व ग्राइंडिंगच्या कामासाठी या परिसरातील शेतकऱ्याला फार लांब जावे लागत नाही. मात्र सोय जवळ असणे आणि काम गरजेचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रँक घासण्याची वेळ ठरावीक टप्प्यांपर्यंतच येऊ शकते. विनाकारण घासलेला प्रत्येक टप्पा तिचे आयुष्य कमी करतो.

क्रँक घासून, नवी बेअरिंगे बसवूनही दाब येत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. त्यामागे सहसा दुर्लक्षित जागा असतात : झिजलेली कॅमशाफ्टची बुशे, रॉकर शाफ्टची सैल बुशे, सफाईच्या वेळी काढलेला आणि परत न बसवलेला तेलवाहिनीचा प्लग, किंवा तेलछिद्र न जुळलेले बेअरिंग. म्हणून इंजिन उघडलेच असेल, तर तेल जाते त्या प्रत्येक जागेची तपासणी एकाच वेळी करून घ्यावी. जोडणीनंतर फिल्टर तेलाने भरावा आणि इंजिन बंद करण्याची ओढ खेचून धरून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, काटा हलेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने स्टार्टर फिरवावा. कोरडी सुरुवात नव्या बेअरिंगांना सर्वाधिक घातक असते.

दाट तेलाचा फसवा उपाय

दाब कमी झाला, की पुढच्या ग्रेडचे दाट तेल किंवा बाजारात मिळणारे घट्ट मिश्रण ओतण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने काटा वर येतो, हे खरे. पण वर आलेला काटा म्हणजे बेअरिंगला मिळालेले तेल नव्हे. फट तेवढीच राहते, पोलादाची झीज तेवढीच राहते. सकाळच्या थंड सुरुवातीला दाट तेल रॉकर शाफ्टपर्यंत उशिरा पोहोचते आणि पुढच्या वेळी निदान करणाऱ्याला खरा आकडा मिळत नाही. तेलात डिझेल उतरत असेल, तर दाट तेलाने ते काही दिवस झाकले जाते आणि नोझलची दुरुस्ती लांबते. पुस्तिकेने उन्हाळी तापमानासाठी अधिक दाट ग्रेडची मुभा दिली असेल, तर तो ग्रेड जरूर वापरावा. लक्षण लपवण्यासाठी मात्र तेलाचा ग्रेड बदलू नये.

ऐन हंगामात निर्णय कसा घ्यावा

एकात्मिक कीड व्यवस्थापनात प्रत्येक कीड दिसताच फवारणी केली जात नाही. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, की उपाय योजला जातो. तेलदाबाच्या बाबतीतही अशी सीमारेषा आखता येते.

खात्रीच्या मापकावर गरम इंजिनाचा दाब पूर्ण फेऱ्यांवर पुस्तिकेच्या मर्यादेत असेल, केवळ मंद फेऱ्यांवर थोडा कमी असेल, ठोक्यांचा आवाज नसेल आणि फिल्टरमध्ये धातूचे कण नसतील, तर योग्य ग्रेडचे नवे तेल व फिल्टर घालून, देखरेखीखाली हंगाम पार पाडता येतो. अशा ट्रॅक्टरला गरम असताना फार वेळ मंद फेऱ्यांवर उभे ठेवू नये, रोटाव्हेटरचा भार थोडा कमी ठेवावा, रेडिएटरच्या जाळीतील चिखल व कचरा रोज काढावा आणि दाब दररोज एकाच वेळी नोंदवावा. इंजिनाचे काम धान कापणीनंतर, शांतपणे करून घ्यावे.

याउलट, पूर्ण फेऱ्यांवरही दाब मर्यादेखाली असेल, ठोका ऐकू येत असेल, फिल्टरमध्ये चंदेरी किंवा तांबूस कण असतील किंवा तेलात पाणी असेल, तर ट्रॅक्टर त्याच दिवशी थांबवावा. उरलेल्या बांध्यांची चिखलणी अवजारे भाडेतत्त्वावर देणाऱ्या केंद्राच्या ट्रॅक्टरने किंवा शेजाऱ्याकडून करून घ्यावी. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली २०१४-१५ पासून अशा केंद्रांना साहाय्य दिले जाते. काही एकरांचे भाडे आणि जळालेली क्रँक यांची तुलना केल्यास कोणता खर्च परवडणारा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

धूळ, ब्रीदर आणि वही

कमी दाबाची मुळे बहुधा मागच्या हंगामात असतात. धानाच्या तुसात सिलिकाचे प्रमाण मोठे असते. खोडकिडीच्या अळीचे जबडे झिजवणारी हीच सिलिका मळणीच्या धुळीतून इंजिनात गेली, तर लायनर, पिस्टन रिंगा आणि शेवटी बेअरिंगे झिजवते. जुन्या ट्रॅक्टरांच्या तेलाच्या एअर क्लीनरमधील तेल खुणेपर्यंत असावे आणि मळणीच्या दिवसांत ते रोज पाहावे. क्लीनरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी फाटलेली नसावी. लहानशी चीरही संपूर्ण क्लीनर निरुपयोगी करते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या पात्यांमध्ये भूस अडकले, तर इंजिन व तेल अधिक तापते. त्या पात्या स्वच्छ ठेवाव्यात.

ब्रीदरकडे फारसे कोणी पाहत नाही. ट्रॅक्टर काही आठवडे उभा राहिला, की मातीची घरटी बांधणाऱ्या कुंभारीण माश्या अशा अरुंद नळ्यांची तोंडे बुजवतात. चिखलही तेच करतो. ब्रीदर बंद झाला, की इंजिनाच्या पोटातील वायूला बाट मिळत नाही, तो तेलाला सीलमधून बाहेर ढकलतो, गळती वाढते आणि पातळी उतरते. हंगामापूर्वी ब्रीदर उघडून साफ करणे हे काही मिनिटांचे काम आहे.

जळके तेल बांधीत, कालव्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून वापरलेले तेल गोळा करणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावे.

याशिवाय एका वहीची गरज आहे. तेल कधी बदलले, कोणत्या ग्रेडचे, किती तास झाले आणि गरम इंजिनाचा दाब मंद व पूर्ण फेऱ्यांवर किती होता, एवढ्या चार नोंदी महिन्यातून एकदा पुरेशा आहेत. एक आकडा फारसे सांगत नाही. दोन वर्षांत तो कसा उतरत गेला, हे पाहिल्यावर दुरुस्ती कोणत्या हंगामाआधी करावी हे शेतकरी स्वतः ठरवू शकतो.

विस्तार कार्यकर्त्यांना यात मोठे काम आहे. गावातील शेतकरी गटाने एक खात्रीचा दाबमापक, दोन-तीन प्रकारचे जोड आणि एक फीलर गेज सामाईक घेऊन ठेवल्यास मे महिन्यातच गावातील जुन्या ट्रॅक्टरांची तपासणी एका दिवसात होऊ शकते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय शेती यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत यंत्रांच्या वापराचे व देखभालीचे प्रशिक्षण दिले जाते. गटातील एखाद्या तरुणास तेथे पाठवणे हितावह ठरेल. बियाण्याची उगवणक्षमता पेरणीपूर्वी तपासण्याची सवय गावोगावी रुजली आहे. चिखलणीपूर्वी तेलदाब तपासण्याची सवयही तितकीच सोपी आहे, आणि ती मे महिन्यात लागली, तर जुलैमध्ये रोवणी थांबत नाही.